चेसिसवरचे तीन ठिपके

माझ्या नवऱ्याने एका आठवड्यात तिसऱ्यांदा "एजंटला दे" म्हटलं, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. आली नाही, कारण त्या दिवसांत माझ्या सगळ्या शंका एजंटांवरच खर्च होत होत्या.

विषय माझ्या स्कूटरचा होता. पंधरा वर्षं झाली की गाडीची नोंदणी संपते. मग गाडी स्वतः आरटीओत नेऊन उभी करायची, इन्स्पेक्टरने ती खालून-वरून बघायची आणि त्याच्या मनाला आली तर तिला आणखी पाच वर्षं मिळतात. नाही आली तर ती भंगारात. ही स्कूटर म्हणजे माझ्या नावावर झालेली पहिली वस्तू. रहाटणीचा फ्लॅट नवऱ्याच्या नावावर, गॅस सासऱ्यांच्या नावावर आणि लाइटचं बिल तर अजून बिल्डरच्याच नावाने येतं. रोज सकाळी मी या स्कूटरवरून भोसरीला कामाला जाते. ती गेली असती तर मला बस, शेअर रिक्षा आणि नवऱ्याची शिफ्ट या तिघांच्या मर्जीने जगावं लागलं असतं, आणि कोणाची मर्जी सांभाळणं मला कधी जमलेलं नाही.

भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये मी स्टोअर सांभाळते. बाहेरून आलेला माल चलनाशी ताडून बघायचा, मोजायचा आणि मगच आत घ्यायचा, हे माझं काम. पेटीवर शंभर लिहिलंय म्हणून आत शंभर असतील, यावर माझा विश्वास नाही. ही सवय घरीही सुटत नाही. दूधवाला, सोसायटीचा सेक्रेटरी, दातांचा डॉक्टर, कोणीही त्यातून सुटलेलं नाही. मुलगी म्हणते, आई, तू लग्नाच्या पंगतीतही बुंदीच्या लाडवाकडे संशयाने बघतेस. बघते. पंगतीत किती लाडू दाबून बघावे लागतात, हे तिला अजून कळायचंय.

नवऱ्याचं म्हणणं साधं होतं. दिवसभर उन्हात उभं राहावं लागतं, सुट्टी जाते, एजंट लोकांना कुठला कागद कुठे लावायचा ते माहीत असतं. मला मात्र दिसत होतं की एजंट माझी गाडी घेऊन जाणार, बॅटरी बदलून आणणार आणि मूळ कागद हरवल्याचं सांगणार. म्हणून मी ऑनलाइन अपॉइंटमेंट घेतली, विमा, पीयूसी, पर्यावरण कराची पावती, सगळं एका फाइलला लावलं, रजा टाकली आणि नवरा पहिल्या शिफ्टला चाकणला गेल्यावर स्कूटर काढली. त्याला संध्याकाळी सांगणार होते. काम झाल्यावर सांगण्यात एक वेगळीच मजा असते.

आरटीओच्या फाटकाबाहेर काखेत फायली घेतलेला एक माणूस पुढे आला. फॉर्म भरून देऊ का, मावशी, म्हणाला. मी नको म्हटलं. तरी तो म्हणाला की पायाखालची मॅट उचलून चेसिस नंबर पुसून ठेवा, साहेब तिथे पेन्सिल मारतात. फुकट सल्ला देणाऱ्या माणसापासून मी चार हात लांब राहते. गाडीला हात लावू नका, असं त्याला बजावून मी आत गेले. सल्ला खरा होता, हे तासाभराने कळलं.

मैदानावर गाड्यांची रांग होती. इन्स्पेक्टर पन्नाशीचा असावा, डोक्याला रुमाल बांधलेला. माझा नंबर आल्यावर त्याने दिवे बघितले, ब्रेक दाबून बघितला, इंजिन नंबर कागदाशी ताडला आणि मान हलवली. मग मॅट उचलली, चेसिसवरची धूळ फडक्याने पुसली, तिथे पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल फिरवली. कागदावर आकडे उमटले. त्याने कागद उन्हात धरला, परत खाली वाकला, बोटाने आकडे चाचपले आणि माझ्याकडे बघून विचारलं की गाडीला मोठा अपघात झालाय का कधी.

नाही, मी म्हणाले. आणि ते मी अगदी खऱ्या मनाने म्हणाले.

दुरुस्ती? फ्रेम कापून जोडली वगैरे? नाही. गाडी विकत घेताना नवीच घेतली होती का? शोरूममधूनच, माझ्या नावावर, हे बघा बिल. एवढं होईपर्यंत माझी खात्री झाली होती की याला चहापाणी हवंय आणि त्यासाठी ही प्रस्तावना चालू आहे. मी फाइल छातीशी धरली आणि आवाज चढवून विचारलं, नेमकं काय चुकलंय ते लिहून द्या. त्यावर तो चिडला नाही. त्याने मला वाकून बघायला सांगितलं.

नंबर बरोबर होता. एकही आकडा इकडचा तिकडे नव्हता. पण आकड्यांचं वळण कंपनीचं नव्हतं. तो भाग कापून दुसरा पत्रा बसवलेला, आणि त्यावर हाताने, एकेक पंच ठोकून, नंबर परत मारलेला. आकड्यांच्या खाली केसाएवढी बारीक रेघ आखलेली होती. सगळे आकडे त्या रेघेवर शिस्तीत बसले होते.

"चोरीच्या गाडीवरचे नंबर मी खूप बघितलेत, ताई," इन्स्पेक्टर म्हणाला. "घाईत मारलेले, वेडेवाकडे असतात. चोर रेघ आखत बसत नाही. पण हे मला रिपोर्टात लिहिता येत नाही."

तेवढ्यात मला शेवटच्या आकड्यापुढे तीन ठिपके दिसले. टाचणीच्या टोकाएवढे, त्रिकोणात. इन्स्पेक्टरने त्यांवर बोट ठेवलं आणि हे काय असेल, असं विचारलं.

माझा नवरा चाकणच्या एका कंपनीत टूलरूमला फिटर आहे. तिथे ज्याने काम केलं तो तयार कामावर आपली खूण ठोकतो, म्हणजे पुढे काही निघालं तर कोणाला विचारायचं ते कळतं. माझ्या नवऱ्याची खूण तीन ठिपक्यांची. कंपनीत सवय लागली आणि घरात पसरली. माझ्या सांडशीवर तीन ठिपके आहेत. किसणी त्याने एकदा सरळ करून दिली, तिच्यावर आहेत. कुकरच्या हँडलवर, खिडकीच्या कडीवर, मुलीच्या कंपासपेटीवर आहेत. माणसाने खोटा नंबर मारला, आणि त्यापुढे सही करून ठेवली.

"माहीत नाही," मी म्हणाले.

आयुष्यभर दुसऱ्यांची चलनं तपासणाऱ्या बाईने सरकारी माणसापुढे खोटं सांगायला एवढाही वेळ घेतला नाही, याची मला तिथल्या तिथे लाज वाटली. इन्स्पेक्टरला ते कळलं असावं. त्याने फाइल बाजूला ठेवली. पंधरा दिवसांत प्रतिज्ञापत्र आणा, म्हणाला. नंबर कोणी मारला, का मारला, आणि त्यामागची घटना तेव्हा माहीत असलेला घराबाहेरचा एक साक्षीदार. ते आलं तर तो फाइल वरच्या साहेबांकडे पाठवणार होता. नाही आलं तर पोलिसांत.

घरी येताना मी स्कूटर एवढ्या हळू चालवली की मागचे सगळे हॉर्न वाजवत होते. पायाखाली मॅट होती आणि मॅटखाली ते ठिपके होते. फ्रेम कापावी लागते म्हणजे साधं पडणं नाही. माझ्या नकळत कधी? मला एकच वेळ आठवत होती. बारा वर्षांपूर्वी आईचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा मी तीन आठवडे नारायणगावला माहेरी होते. परत आले तर स्कूटर चकचकीत. तू न्हवतीस तर सर्व्हिसिंग केलं, रंग मारला, असं हा म्हणाला होता. मी ते वर्कशॉपमधल्या बायकांना कौतुकाने सांगितलं होतं. आमच्या ह्यांना बोलता येत नाही पण करतात मनापासून, असं काहीतरी.

तीन आठवडे. चाकण रस्त्यावर कोणाला उडवलं असेल का? उडवून निघून आला असेल? मागे कोणी बसलेलं होतं का? कोण? विम्याकडून पैसे का नाही घेतले? हे मात्र लगेच कळलं. विम्याचा कागद माझ्या नावाने घरी आला असता. ज्या माणसाला मी भोळा समजत होते, त्याने माझ्या फाइलीपर्यंतचा विचार केला होता. कासारवाडीच्या सिग्नलला मला रडू आलं, आणि ते दुःखाचं नव्हतं, रागाचं होतं.

चार वाजेपर्यंत मला वेळ होता. मी पार्किंगमध्ये स्कूटरजवळ बसले, वहीचा कागद चेसिसवर ठेवला, मुलीची पेन्सिल फिरवली. नवरा कंपनीच्या बसमधून उतरून घरी आला, हातपाय धुऊन बसला, तेव्हा मी चहा दिला आणि कपाशेजारी तो कागद ठेवला. तोंडाने काही विचारलं नाही. स्टोअरमध्येही मी असंच करते, चलन पुढे ठेवते आणि गप्प बसते.

त्याने कागद उचलला. "चार एमएमचे पंच व्हते," तो म्हणाला. "पाचचे मिळाले न्हाईत त्या दिवशी."

मी कप उचलून आत नेऊन ठेवला. चहा अर्धा होता.

मग त्याने सगळं सांगितलं. मी माहेरी असताना तो मुलीला घेऊन गावाकडे, चाकणच्या पुढे, आजोबांना भेटवायला गेला होता. अडीच वर्षांची पोर, धड सांगताही न येणारी, स्कूटरवर पुढे उभी केलेली. येताना रस्त्यावर सांडलेल्या वाळूवरून चाक सरकलं आणि गाडी दुभाजकावर गेली. दुसरं कोणी नव्हतं. त्याला खरचटलं, गाडीची फ्रेम मुडपली, आणि मुलीची भुवई फाटली. पाच टाके पडले. फ्रेम त्याने भोसरीत एका मित्राच्या वर्कशॉपमध्ये, सुट्टीच्या दिवशी, स्वतः कापून जोडली. नंबर कापलेल्या तुकड्यावर होता. बिननंबरचं काम त्याला बघवेना. म्हणून तुकडा समोर ठेवून आकडे मारले, आणि काम झालं म्हणून ठिपके मारले. याने काही गुन्हा होतो, हे त्याला पुढे कधीतरी कंपनीतल्या कोणीतरी सांगितलं. तेव्हापासून तो ही पंधरा वर्षं संपायची भीती बाळगून होता.

मला फ्रेमचं काही ऐकू येत नव्हतं. मुलीच्या भुवईवरचा तो व्रण मी रोज बघते. तो मला वेगळ्याच हिशेबात माहीत होता. आमच्या जुन्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक काकू राहायच्या. नोकरीवाल्यांची मुलं दिवसभर सांभाळायच्या, आमचीही त्यांच्याकडेच असायची. नवऱ्याने मला फोनवर सांगितलं होतं की पोर काकूंच्या जिन्यावरून पडली.

"काकूंचं नाव का घेतलंस?" मी विचारलं. मी त्याला एरवी अहो म्हणते.

"फोनवर तू काय झालं असं इचारलंच न्हाईस," तो म्हणाला. "कुनाचं लक्ष न्हवतं, असं इचारलंस. माझ्या तोंडातून त्यांचं नाव गेलं. मला वाटलं आल्यावर सांगू. तू आलीस ती थेट त्यांच्याच दारात गेलीस."

गेले होते. बॅग हातात तशीच. टीव्हीसमोर बसून लोकांची पोरं सांभाळता का, असं मी जिन्यात उभी राहून, चारही मजल्यांना ऐकू जाईल असं विचारलं होतं. काकूंनी माझ्यामागे उभ्या असलेल्या माझ्या नवऱ्याकडे एकदा बघितलं होतं आणि दार लावून घेतलं होतं. ते बघणं मला तेव्हा गुन्हेगाराचं वाटलं. अपघातानंतर हा रक्ताळलेली पोर घेऊन आधी त्यांच्याकडेच धावला होता. टाके घालताना पोरीचं डोकं त्यांनी धरलं होतं. तिला सांगू नका, मी सांगतो, असं त्याने त्यांना विनवलं होतं. त्या थांबल्या होत्या, आणि तो बारा वर्षं सांगायचा राहिला होता.

राग आला का? आला, आणि अजून आहे. पण त्या दिवशी मला त्याच्याशी धड भांडताही येईना. भांडायचं म्हटलं की जिन्यातला माझाच आवाज मधे यायचा.

दवाखान्याचा कागद त्याने तेव्हाच फाडून टाकला होता. वर्कशॉपवाला मित्र गेल्या वर्षी वारला. साक्षीदार एकच उरला होता. नवरा म्हणाला, मी जातो. मी म्हटलं, नको, जिन्यात मी बोलले होते, मीच जाते.

कोर्टाबाहेरच्या टायपिस्टकडून मसुदा करून घेतला. चार मुद्दे होते. अपघात, फ्रेमची दुरुस्ती, नंबर पुन्हा मारणं, त्यात फसवण्याचा हेतू नसणं. तो घेऊन मी गेले. काकू रहाटणीतच, आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहतात. भाजी घेताना त्या दिसल्या की मी बारा वर्षं दुसऱ्या हातगाडीकडे वळत आले होते. त्यांचं दार वाजवताना मला वाटत होतं, या आता मला चार शब्द सुनावणार, आणि सुनावलेलं बरं. नाहीतर सही द्यायच्या बदल्यात काही मागतील. तसा विचार तेव्हाही माझ्या मनात आला, हे लिहायला हवं.

त्यांनी दार उघडलं. गुडघे गेलेले, भिंतीला धरून उभ्या. मला ओळखलं. आत ये म्हणाल्या नाहीत. मी दारातच सगळं सांगितलं, अपघाताचं आता मला कळलंय हेही सांगितलं. त्यांनी चष्मा आणला आणि चौकटीला टेकून मसुदा वाचला. एकेक ओळ बोटाने. परत पहिल्यापासून वाचला. मी माल तपासते तेव्हा समोरच्याला कसं वाटत असेल, ते मला त्या दहा मिनिटांत कळलं.

"यात माझ्या जिन्याचं काही नाही," त्या म्हणाल्या.

हे गाडीचं प्रतिज्ञापत्र आहे, असं माझ्या ओठांवर आलं होतं. मी गिळलं.

"माझ्याकडे चार पोरं यायची," काकू म्हणाल्या. "तू जिन्यात बोललीस आणि महिन्याभरात एक राहिलं नाही. कुणी येऊन विचारलंसुद्धा नाही. ते लिहून आण. मग सही करते."

मी माफी मागायला तोंड उघडलं. मला वाकून नमस्कारही करायचा होता, पण त्यांनी हात आडवा केला.

"तोंडी नको," त्या म्हणाल्या. "तोंडी खूप झालं."

टायपिस्टने पाचवा मुद्दा घालायला आढेवेढे घेतले. गाडीच्या कामात हे कशाला, वकील हसतील, म्हणाला. मी त्याच्या खुर्चीमागे उभी राहून शब्द सांगितले. माझी मुलगी कोणाच्याही जिन्यावरून पडलेली नाही. ती ज्यांच्या देखरेखीखाली होती त्यांचा त्यात काहीही दोष नव्हता. मी त्यांच्यावर चारचौघांत केलेला आरोप खोटा होता आणि तो मी न विचारता केला होता. त्याखाली माझं नाव. नवऱ्याच्या प्रतिज्ञापत्रात माझी सही कशी चालेल, असं त्याने विचारलं. शेवटी दोघांचं मिळून एक झालं, स्टॅम्प पेपर बदलला. काकू नोटरीपर्यंत रिक्षाने आल्या, पाचवा मुद्दा दोनदा वाचला आणि सही केली. जाताना माझ्याशी बोलल्या नाहीत. नवऱ्याशी दोन शब्द बोलल्या, मुलगी कितवीला आहे एवढं विचारलं.

इन्स्पेक्टरकडे या वेळी आम्ही दोघं गेलो. नवऱ्याने आपण मारलेला नंबर आपणच दाखवला. ठिपके कसले ते सांगताना त्याचे कान लाल झाले होते. इन्स्पेक्टरने प्रतिज्ञापत्र वाचत आणलं आणि पाचव्या मुद्द्यावर थांबला.

"याचा गाडीशी काही संबंध नाही, ताई. वगळलं तरी चालेल."

"राहू द्या," मी म्हणाले.

त्याने माझ्याकडे बघितलं, मग नवऱ्याकडे, आणि पान उलटलं. फाइल वर गेली, फिरून आली, नंबर नियमाने परत मारून घ्यायचा हुकूम निघाला. दोन महिने लागले, पण नोंदणी झाली. कागद दिले त्या दिवशी मात्र मी काउंटरवर प्रतिज्ञापत्राच्या दोन प्रती पुढे केल्या आणि दोन्हींवर पोच मागितली. एकीवर मिळते, असं खिडकीतली बाई म्हणाली. मी हटले नाही. तिने कंटाळून दोन्हींवर शिक्के मारले.

दुसरी प्रत घेऊन मी काकूंच्या दारात उभी राहिले. त्यांनी ती उजेडाकडे धरली. शिक्का बघितला, तारीख बघितली, पाचव्या मुद्द्यावर बोट फिरवलं, कागद उलटा करून मागची बाजूही बघितली. मग घडी घालून पदराखाली धरली आणि भिंतीला धरून, सावकाश, दारातून बाजूला झाल्या.

"चप्पल बाहेर काढ," म्हणाल्या.